अबरा आणि अस्तर: नाशिकच्या थंडीची एक बखर

मराठी भाषेत लोकर आणि कातडे यांची गाठ पडल्याचा एकच प्रसिद्ध दाखला आहे, आणि तो अपमानाचा आहे. शालजोडीत गुंडाळून जोडा मारण्याची कल्पना ज्या कोणास प्रथम सुचली, त्याच्या मनात वरचे वस्त्र उंची, मऊ व दरबारी आणि आतला जिन्नस हीन, कठीण व उंबरठ्याबाहेर ठेवण्याचा, हा भेद इतका पक्का होता की तो समजावून सांगण्याची त्याला गरजच पडली नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तोच भेद तितकाच पक्का होता. आज पौषाच्या पहाटे ओझरकडून नाशिककडे मोटारसायकलवरून येणाऱ्या तरुणाच्या अंगात जे जाड जाकीट दिसते, त्यात ही जोडी नेमकी उलटी झालेली आहे: कातडे वर आणि लोकर आत. ही उलटापालट व्हायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तिच्या मागे थंडीचा वाटा जितका आहे त्याहून विहिरींचा, सोवळ्याचा व लष्करी छावणीचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

थंडीविषयी प्रथम. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर वसलेले. पश्चिमेस सह्याद्रीचे डोंगर, पूर्वेस गोदावरी व कादवा यांचे उघडे खोरे. मार्गशीर्ष लागला की आभाळ निरभ्र होते, हवा कोरडी पडते, रात्र लांबते, आणि जमिनीने दिवसभर साठविलेली उष्णता रात्रीच्या उघड्या आकाशात निघून गेल्यावर जड झालेली गार हवा नदीकाठच्या सखल भागात जाऊन बसते. महाराष्ट्रातील नीचांकी तपमानाची बातमी छापताना वर्तमानपत्रांत निफाडचे नाव हटकून येते ते यामुळेच. ते मोजमाप कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले असते, आणि तेथे पारा 4-5 अंशांवर उतरणे ही काही अपूर्वाई समजली जात नाही. ओझरला 1925 साली रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड केली. तिचे आज पसरलेले साम्राज्य या थंडीला इतके भिते की ऐन कडाक्यात बागाईतदार पहाटे तीनला उठून वेलींच्या ओळींमध्ये शेकोट्या पेटवितो आणि विहिरीचे कोमट पाणी मुळांना सोडतो. परंतु या थंडीचा एक विशेष ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढे अस्तराच्या प्रश्नी तोच निर्णायक ठरणार आहे: जो गारठा पहाटे 8 अंशांवर हाडे काकडवितो, तोच दुपारी 28 अंशांचे ऊन घेऊन अंगावरचे वस्त्र काढायला लावतो. काश्मीरची किंवा लंडनची थंडी मुक्कामाला येते. नाशिकची थंडी पहाटे येऊन दुपारी परत जाते.

या थंडीवर जुन्या नाशिककराचा पहिला इलाज म्हणजे घोंगडी. सिन्नर, येवले, नांदगाव या बाजूच्या कोरड्या माळरानांवर धनगरांच्या मेंढरांचे वाडे फिरत. त्या काळ्या दख्खनी मेंढीची लोकर विलायती मेंढीसारखी रेशमी नव्हे, तर राठ व तोकडी असे. ती कातरून, पिंजून, कातून तिचा ताणा मागावर चढविण्यापूर्वी चिंचोक्याच्या खळीने मढवीत, म्हणजे सूत ताठ राहून विणताना तुटत नसे. अशी घोंगडी अंगाला टोचते, नवी असताना तिचा वास घरभर पसरतो, पण पावसाची सर ती वरच्या वर झाडून टाकते. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की गुराख्याला छत्री, अंगावर ओढली की पांघरूण, अंथरली की जाजम. उलट एकदा का ती पुरती भिजली, म्हणजे तिचे वजन दुप्पट होते आणि ती चार-चार दिवस वाळत नाही. मराठी माणसाच्या सर्व रेंगाळलेल्या कामांना व खटल्यांना भिजत घोंगड्याची उपमा मिळाली ती या अनुभवातून. पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आषाढीचा वारकरी पावसाशी झुंजतो, तर या यात्रेचा वारकरी थंडीशी. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उघड्यावर रात्र काढणाऱ्या त्या हजारोंच्या जमावात पिढ्यान्पिढ्या घोंगडी हाच सरंजाम होता. तिला अस्तर नसे. तिला आत आणि बाहेर अशा दोन बाजूच नव्हत्या.

दोन बाजूंचे वस्त्र हा सुखवस्तू घराचा विषय. दुलईला किंवा थंडीच्या डगल्याला वरून जे दर्शनी कापड लावीत त्यास अबरा म्हणत आणि आतून अंगाला लागणाऱ्या कापडास अस्तर. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. त्यांपैकी अस्तर आजही शिंप्याच्या तोंडी आहे, आणि अबरा बिचारा कोशात जाऊन पडला. या दोहोंच्या मध्ये कापूस. दसरा उलटला की पिंजारी खांद्यावर ती लांबलचक धनुकली घेऊन आळीत शिरे, आणि तिच्या तातीवर लाकडी ठोकळ्याचा आघात बसू लागला की त्या घुमणाऱ्या आवाजाबरोबर वर्षभर दडपून दगड झालेला कापूस फुलून हवेत तरंगू लागे. तो अबरा-अस्तराच्या मध्ये पसरल्यावर खरे कौशल्य असे ते टाक्यांचे: उभे-आडवे दोरे घालून कापसाचे चौकोन बांधले नाहीत, तर दुसऱ्याच महिन्यात सारा कापूस तळाशी गोळा होतो आणि पांघरणाऱ्याच्या छातीवर नुसती दोन कापडे उरतात. नाशिकच्या पिंजाऱ्याला व शिंप्याला पदार्थविज्ञान कोणी शिकविले नव्हते. पण ऊब कापडात नसून कापडाच्या पोटात कोंडलेल्या निश्चल हवेत असते, हे तत्त्व त्यांच्या हातांना पुरते ठाऊक होते. म्हणजे अस्तराची विद्या या गावात होती, लोकर होती, शिवणारे हात होते. उणे होते ते एवढेच, की या सर्वांवर वारा अडविणारे कातडे घालावे असे कोणाच्या मनात आले नाही.

कातड्याचा तुटवडा होता म्हणावे तर तसेही नाही. उलट, एकोणिसाव्या शतकातील नाशिक जिल्ह्यात कातड्याची जेवढी गरज होती तेवढी थोड्याच जिनसांची असेल. मात्र ते सारे कातडे पाणी वाहण्यात खर्ची पडत होते. विहिरीची ऐपत सांगताना ती किती मोटांची आहे असे विचारीत, आणि प्रत्येक मोट म्हणजे जाड कमावलेल्या कातड्याचा एक भला मोठा ऐवज. वरचे तोंड लोखंडी कडीला बांधलेले, खालच्या अंगास निमुळती सोंड; नाडा तोंडाला, सोंदूर सोंडेला; बैलजोडी धावेवरून उतरू लागली की मोट भरून वर यावी, आणि काठाशी येताच सोंदूर ढिला पडून सोंडेतून पाणी थारोळ्यात कोसळावे. दिवसात शेकडो वेळा दगडावर घासणारी, भिजणारी व उन्हात तडकणारी ही मोट वरचेवर फाटे. तिला ठिगळ लावणे हे चांभाराचे काम आणि त्याबद्दल खळ्यावरचे धान्य हे त्याचे बलुते. गावात पिण्याचे पाणी वाहणारी पखाल कातड्याची, भिस्त्याची मसक कातड्याची, तेल्याचे बुधले कातड्याचे. नळ आल्यावर पखाल नाहीशी झाली, तरी रोग हल्याला आणि औषध पखालीला या म्हणीत ती अजून पाझरते आहे.

कातडे कमावण्याची रीत पाहिली म्हणजे हे पाण्याचे नाते आणखी जवळचे दिसते. ढोर समाजातील कारागीर, ज्यांना आज ककय्या या नावाने ओळखतात, प्रथम कातडे चुन्याच्या कुंडात घालीत, म्हणजे केस सैल पडत. ते खरवडून, धुऊन मग कातडे बाभळीच्या सालीच्या व हिरड्याच्या काढ्यात मुरवीत. आणि अखेरीस त्याच कातड्याच्या कडा शिवून त्याची पिशवी करीत. ही पिशवी तिकाटण्याला टांगून तिच्यात सालीचा चुरा व काढा गळ्यापर्यंत भरीत. काढा कातड्याच्या रंध्रारंध्रातून पाझरून थेंब थेंब खालच्या भांड्यात उतरे, आणि भांडे भरले की पुन्हा वर ओतला जाई. दिवसामागून दिवस हे चाले, मधूनच पिशवी उलटी टांगून दुसऱ्या अंगालाही काढा पाजला जाई. कातडे तयार होण्यापूर्वीच अशा रीतीने पखाल झालेले असे. बाभळीच्या सालीत मुरलेले हे कातडे मोटेला, नाड्याला, जोड्याच्या तळाला उत्तम. परंतु भिजले की फुगणारे, वाळले की लाकडासारखे ताठणारे आणि वासाने आपली उपस्थिती दुरून जाहीर करणारे. त्याचा डगला शिवून घालण्याची कल्पना नाशिककराला सुचली नाही याचे निम्मे कारण या ताठपणात आहे.

उरलेले निम्मे कारण सोवळ्यात आहे. नाशिक हे क्षेत्र. येथे वस्त्राची योग्यता ऋतू ठरवीत नसे, धर्मशास्त्र ठरवी. लोकर शुद्ध, रेशीम शुद्ध. पौषात पहाटे गोदावरीत बुडी मारून काकडत घाट चढणाऱ्याला धाबळी गुंडाळता येई आणि तिने त्याचे सोवळे मोडत नसे. कातड्याने मात्र मोडे. आता यातली गंमत अशी, की मुंजीत बटूच्या जानव्याला जो तुकडा बांधतात तो मृगाजिनाचा, म्हणजे कातड्याचाच. तपस्व्याचे आसन व्याघ्राजिन, तेही कातडेच. अरण्यातल्या पशूचे कातडे पवित्र आणि गोठ्यातल्या पशूचे अपवित्र, या भेदाची शास्त्रोक्त उपपत्ती कोणी कशीही लावो, व्यवहारातले कारण मला तरी उघड दिसते: मृगाजिनाशी गावातल्या कोणाचे हात जोडलेले नव्हते, आणि मोटेच्या कातड्याशी ते जोडलेले होते. विटाळ कातड्याचा नव्हता, त्या हातांचा होता. ज्या मोटेच्या पाण्यावर मळ्यातला भाजीपाला वाढे व तो भाजीपाला देवाच्या नैवेद्याला चाले, ती मोट कमावणाऱ्याला व शिवणाऱ्याला देवाच्या दाराशी मज्जाव होता. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालविला, आणि 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. पेहरावाचा इतिहास लिहिणाऱ्याने तो वगळला तर कातडे नाशिकच्या अंगावर इतक्या उशिरा का आले याचे उत्तर त्याला सापडणार नाही. 1883 साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटिअरात धोतर, बंडी, अंगरखा, पागोटे आणि घोंगडी पानोपानी भेटतात. कातडे भेटते ते पायांशी.

कातड्याचे उबदार वस्त्र मराठी माणसाने पाहिलेच नव्हते असे मात्र समजू नये. पाहिले होते, आणि तेही चांगल्या दरबारी माणसांनी. नाशिकनजीकच्या चौंधस गावाचे आनंदवल्ली असे नामकरण करून तेथे राहिलेले राघोबादादा 1758 च्या वसंतात फौजेसह लाहोरास पोहोचले होते, आणि मराठ्यांचा अंमल अटकेपर्यंत गेला तो याच मोहिमेत. त्या मुलखात पोस्तीन हे हिवाळ्यातले नित्याचे वस्त्र: मेंढीचे कातडे लोकरीसकट कमावायचे, लोकर आत वळवायची आणि कातडे बाहेर. तेथे अबरा व अस्तर एकाच जनावराच्या अंगावर आयते जोडलेले मिळत. शिंप्याने मध्ये पडायचे कारणच नव्हते. पुढे तीन वर्षांनी पानिपतावर मराठी फौज कार्तिक, मार्गशीर्ष व पौषाचा पहिला आठवडा कोंडून पडली. शके 1682, पौष शुद्ध अष्टमी, 14 जानेवारी 1761, संक्रांतीच्या सुमाराचा तो दिवस. समोर डोंगरी हिवाळ्यात वाढलेला अफगाण आणि इकडे दख्खनच्या उन्हाला बेतलेला सुती अंगरखा. पराभवाची कारणे सांगताना इतिहासकार उपासमार, पळवाट, तोफा व सल्लामसलतीतील फूट यांचा ऊहापोह करतात, आणि तो योग्यच आहे. मी त्यांत वस्त्राचे एक कलम जोडीन, एवढेच. त्या रणात ज्यांचा कोवळा विश्वासराव पडला त्या गोपिकाबाई पुढे नाशिकजवळच गंगापुरास येऊन राहिल्या. एकाच गोदेच्या काठी, दोन-चार मैलांच्या अंतरावर, उत्तरेचा हिवाळा जिंकून आलेला दीर आणि त्याच हिवाळ्यात मुलगा गमावलेली भावजय अशी ही दोन घरे होती. पेशव्यांच्या जामदारखान्यात शाली, किनखाप, मखमल यांची मोजदाद होत राहिली. पोस्तीन महाराष्ट्रात रुजले नाही.

ते रुजविले छावणीने. थळ घाटातून आगगाडी वर चढली, आणि 1860 नंतरच्या दशकात इंग्रजांनी नाशिकच्या आग्नेयेस देवळाली येथे गोऱ्या पलटणींचा तळ वसविला. मुंबईला आगबोटीतून उतरलेला शिपाई प्रथम देवळालीस येई आणि मग हिंदुस्थानभर पाठविला जाई. मुदत संपलेला शिपाई परतीच्या बोटीची वाट पाहत तेथेच पडून राही. तांबड्या समुद्रातील उकाड्यामुळे या बोटी ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात चालत. बोट चुकली तर पुढचा हंगाम येईपर्यंत कामाविना कुजणे नशिबी. त्या कंटाळ्याने शिपायांची डोकी फिरत, आणि त्या अवस्थेस त्यांनी नाव दिले देवळालीचा ताप. तेथूनच 'डूलॅली' हा वेड्याला लावायचा शब्द इंग्रजी कोशात गेला. नाशिक जिल्ह्याने जगाच्या भाषेला दिलेली ही देणगी अभिमानाची नसली तरी अस्सल आहे. आपल्या विषयापुरते महत्त्व असे, की या बोटींच्या हंगामामुळे गोऱ्या शिपायाची आणि नाशिकची भेट मुख्यत्वे थंडीतच होई, आणि त्याच्या किटात थंडीचे कपडे असत.

त्या कपड्यांतले एक वस्त्र आपल्या कथेचे नायक आहे. पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या खंदकांच्या चिखलात, ब्रिटिश लष्कराने शिपायांना बिनबाह्यांचे कातडी जाकीट वाटले. त्याचे नाव जर्किन. तपकिरी कातड्याचे तुकडे जोडून केलेला हा अबरा मांडीपर्यंत येई, आत खाकी लोकरी कांबळ्याचे जाड अस्तर, पुढे मोठमोठी बटणे, की बोटे गारठली तरी लावता यावीत. आणि बाह्या नाहीत, कारण खंदक खणणाऱ्याचे व बंदूक उचलणाऱ्याचे हात मोकळे पाहिजेत. लांब ओव्हरकोट चिखल पिऊन इतका जड होई की चालणे मुष्कील. जर्किन कमरेपासूनच्या वरच्या भागाला ऊब देई आणि पाय मोकळे सोडी. दुसऱ्या महायुद्धातही ते चालू राहिले. युद्ध संपल्यावर सरकारने लष्करी सामानाचा जो प्रचंड निकाल लावला, त्यातून 'डिस्पोजल' हा शब्द आणि डिस्पोजलचा माल मराठी घरांत शिरला: डिस्पोजलची कांबळी, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलचे कोट. कातडे आता जातीचे राहिले नव्हते, सरकारचे झाले होते, आणि सरकारी वस्तूला विटाळ नसतो हे आपल्या समाजाने रेल्वेच्या डब्यापासूनच मान्य केले होते. आजही नाशिकचा माणूस चेन लावलेल्या कोणत्याही जाड जाकिटाला, मग ते कातड्याचे असो वा नायलॉनचे, जर्किन म्हणतो. हा शब्द छावणीच्या वाटेने आपल्याकडे आला असावा असा माझा तर्क आहे, आणि पुरावा म्हणून मी एवढेच म्हणेन की साहेबाच्या दिवाणखान्यातून यावा असा हा शब्दच नव्हे.

कातड्याचा ताठपणा जो आड येत होता, तो दरम्यान रसायनाने दूर केला होता. बाभळीच्या सालीऐवजी क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत अमेरिकेत 1884 च्या सुमारास निघाली. तिने महिन्यांचे काम दिवसांवर आणले, आणि निघणारे कातडे मऊ, हलके व पाण्याला न डगमगणारे झाले. हिंदुस्थानात ती आणण्याची खटपट मद्रासेस आल्फ्रेड चॅटर्टन या अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी केली, आणि त्याला या नव्या कातड्याचा एक मोठा उपयोग दिसला तो कोणता? तर मोटेचा. आज ज्या जातीच्या कातड्याचे जाकीट आपण घालतो, ते कातडे या देशात येतानासुद्धा विहिरीच्या काठावर थांबून आले. पुढे तेलावरची इंजिने व विजेचे पंप आले, मोटा अडगळीत गेल्या, आणि कातडे पाण्याच्या नोकरीतून कायमचे मोकळे झाले. तिकडे कानपुरास लष्करासाठी कातड्याचे कारखाने होतेच, आणि 1876 साली निघालेली लोकरीची गिरणीही. 'लाल इमली'च्या नावाने तिची कांबळी नाशिकच्या पेठेपर्यंत पोहोचत. अबरा आणि अस्तर दोन्ही एकाच शहरात.

वैमानिक आणि मोटारसायकलस्वार यांनी जाकिटाला आजचे रूप दिले. उंचावरच्या उघड्या विमानात बसणाऱ्यासाठी 1930 नंतर इंग्लंडात जे उड्डाणाचे जाकीट झाले ते कातडे बाहेर, लोकर आत. म्हणजे पोस्तीनच, फक्त त्याला चेन लागली. अमेरिकेत 1928 साली आयर्व्हिंग शॉट याने मोटारसायकलस्वारासाठी तिरप्या चेनचे जाकीट काढले, की वाऱ्याला शिरायला फटच राहू नये. 1964 साली ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, आणि ज्या गावाच्या द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटत त्याच गावच्या आकाशात वैमानिक फिरू लागले. बाकीचे काम चित्रपटांनी केले. त्याविषयी लिहिण्याजोगे मजजवळ काही नाही.

या साऱ्या इतिहासाचा उपयोग दुकानात उभे राहिल्यावर होतो. माझा स्वतःचा अनुभव असा, की काही वर्षांपूर्वी एका दुकानात, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, मी एक दणकट दिसणारे काळे जाकीट अस्सल कातडे म्हणून घेतले. दुसऱ्या पावसाळ्यात त्याची साल सापाच्या कातेसारखी सुटू लागली आणि खालून कापड बाहेर आले. ते रेक्झिनचे भावंड होते. तेव्हापासून मी कातडे पाहताना वरची चकाकी पाहत नाही, कापलेली कड पाहतो: खऱ्या कातड्याची कड तंतुमय व खरखरीत दिसते, नकली मालाच्या कडेला कापडाचा पदर दिसतो. 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा आपल्याकडच्या बाजारात म्हैस, शेळी व मेंढी यांचेच कातडे मुख्य. म्हशीचे जाड, रवाळ व टिकाऊ, पण अंगावर बसायला एक हिवाळा घेते. मेंढीचे पहिल्या दिवसापासून मऊ, पण दुचाकीवरून घसरल्यास त्वचेच्या आधी तेच फाटते. सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचे कातडे दुचाकीस्वाराला पुरे. त्याहून जाड घेऊन मिरविण्यात नाशिकच्या हवेत तरी अर्थ नाही.

खरा विचार अस्तराचा. जाड कातडे वारा अडविते. ऊब देत नाही. पहाटे पिंपळगावच्या बाजार समितीकडे निघालेला शेतकऱ्याचा मुलगा स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी कोंबतो, तेव्हा तो वारा अडविण्याचे तेच काम कागदाकडून करून घेतो, आणि ऊब त्याला स्वेटरच देतो. म्हणून नुसत्या गुळगुळीत सॅटिनच्या अस्तराचे जाकीट कितीही महाग असले, तरी ते फक्त अर्धे वस्त्र आहे. ते अंगात सहज सरकते, यापलीकडे त्याचा गुण नाही. दुलईसारख्या चौकोनी टाक्यांचे अस्तर त्याहून बरे, पण टाके दाट आहेत की नाहीत ते बोटांनी चाचपावे. पिंजाऱ्याचा कायदा येथेही लागू आहे. पोस्तीनाच्या घाटाचे, लोकर आत असलेले मेंढीचे जाकीट सर्वांत उबदार, आणि नाशिकला सर्वांत निरुपयोगी: सकाळी नऊनंतर ते हातात धरून हिंडावे लागते. पहाटेच्या 8 व दुपारच्या 28 अंशांमध्ये ये-जा करणाऱ्या माणसाने चेनने जोडलेले, काढून ठेवता येणारे लोकरी अस्तर घ्यावे, आणि जाकिटाचे माप ते अस्तर लावून पाहावे, काढून नव्हे. शहरातल्या तिबेटी मार्केटातून आणलेला एक पातळ स्वेटर व अस्तर नसलेले चांगले कातडे, ही जोडीही चालते. स्वस्त पडते आणि धुवायला सोपी जाते.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करीत जाते. त्यानंतर अस्तर वेगळे काढून त्यास एक दिवस ऊन द्यावे. कातड्याला ऊन देऊ नये, सावलीत वारा द्यावा, रुंद खांद्याच्या हँगरवर टांगावे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तर कधीच ठेवू नये, कारण नाशिकच्या श्रावणात बंद पिशवीतल्या कातड्यावर महिन्याभरात पांढरी बुरशी चढते. आणि दुकानात किंमत विचारण्यापूर्वी जाकीट उलटे करून आतली बाजू उजेडात पाहावी. दुकानदार नाराज झाला तर होऊ द्यावा.